फोन वाजला की जिवंत वाटतं, आणि नाही वाजला तर?

एका सर्पमित्राचं, म्हणजे साप पकडून रानात सोडणाऱ्याचं, पत्र आलंय. थोडक्यात असं आहे. (नाव, गाव काढून टाकलंय, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत.)

वय २९, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, दोन एकर कोरडवाहू शेती आणि तालुक्याच्या कृषी केंद्रात काउंटरवर काम. अठराव्या वर्षापासून साप पकडतात, हजाराच्या वर पकडले असतील म्हणतात. दोनदा चावलाय. पहिल्यांदा नाग, त्यात उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकडं झालं. दुसऱ्यांदा मागच्या पावसाळ्यात घोणस, किडनीवर आलं, तीनदा डायलिसिस, अकरा दिवस दवाखाना. घरी आल्यावर बायकोनं चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. घेतली, आणि नवव्या दिवशी फोन आला तसे गेले. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती अजून आली नाही. पुढचं त्यांच्याच शब्दात: "ताई, मी दारू पीत नाही, खर्रा खात नाही, पत्त्याले हात लावत नाही. फुकट सेवा करतो, लोकाईचा जीव वाचवतो, नागपंचमीले गावानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मंग हे व्यसन कसं काय? पण खरं सांगतो, आठ-दहा दिवस फोन नाही आला का जीव कासावीस होते, रात्री गाडी काढतो अन् लाइट बंद करून रोडनं जातो. फोन वाजला का जिंदा असल्यावानी वाटते. बायको म्हणते साप सोड नाही तर मले सोड. मी सोडलं तर लोक सापाईले मारतीन. काय करू?"

भाऊ,

पत्र तीनदा वाचलं. मोठ्या मोठ्या गोष्टी आहेत त्यात, डायलिसिस, शपथ, माहेर, पण मी अडकले ती एका बारक्या वाक्यावर, जे तुम्ही सहज लिहून गेलात. एकदा पकडलेला नाग प्लास्टिकच्या बरणीत दोन दिवस घरीच होता, "सोडायला वेळ नाही भेटला" म्हणून. आता बघा, पकडायला त्याच नागासाठी तुम्ही रात्री साडेअकराला बावीस किलोमीटर गेला होतात, पाऊस चालू होता, दुसऱ्या दिवशी दुकानात माल उतरवायचा होता तरी गेलात. मग सोडायला, जे दिवसाउजेडी वीस मिनिटांचं काम, त्याला दोन दिवस वेळ का नाही भेटला? आणि रात्री दोनदा उठून बरणीचं झाकण बघितलं हेही तुम्हीच लिहिलंय. झाकण पक्कं आहे का ते बघायला उठलात की तो आहे ना अजून, हे बघायला? उत्तर मला नका पाठवू. स्वतःला द्या.

"हे व्यसन की सेवा" असा तुमचा प्रश्न आहे आणि दोनातलं एकच खरं असणार असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. एकाच हातानं माणूस दुसऱ्याचा जीव वाचवतो आणि त्याच हाताला चटक पण लागलेली असते, असं होऊ शकतं. आपल्याकडं यासाठी एक चांगला शब्द आहे, नाद. छंदापेक्षा पुढचा आणि व्यसनाच्या अलीकडचा, कधी अलीकडं कधी पलीकडं. माझ्या आजोबांना शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, नाद होता. बैलांना तूप पाजायचे आणि घरात पोरांना ताक. कोणी आजोबांना व्यसनी म्हटलं नाही, कारण ते पीत नव्हते, आणि पट जिंकला की गाव त्यांना खांद्यावर घ्यायचं. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "हे माणूस पटाच्या दिवशीच घरचं वाटे." मला आधी कळायचं नाही ती असं काहून म्हणते. तुमचं पत्र वाचून कळलं.

आता थोडं डोक्यातलं सांगते, कारण तुम्ही विचारलंय की दारू न पिता व्यसन कसं होतं.

पहिली गोष्ट, थरार आवडणं हा आजार नाही. मार्विन झुकरमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ पासून या स्वभावाची मोजपट्टीच तयार केली. त्याच्या म्हणण्यात चार धागे आहेत: जिवावरचं काही करायची ओढ, नवनवे अनुभव घ्यायची ओढ, लाज-बंधन सोडून मोकळं सुटायची ओढ, आणि चौथा म्हणजे कंटाळा अजिबात सहन न होणं. लोक पहिल्या धाग्याबद्दलच बोलतात कारण तो व्हिडिओत दिसतो. तुमच्या पत्रात मला चौथा जास्त दिसला. लाइट बंद करून गाडी चालवण्यात कुठला साप आहे सांगा बरं? तिथं सेवाही नाही, सत्कारही नाही. तिथं फक्त रिकामा दिवस आहे आणि तो तुम्हाला झेपत नाहीये.

दुसरी गोष्ट, मेंदूला बक्षिसापेक्षा बक्षिसाची चाहूल जास्त गोड लागते. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांना फळांचा रस देऊन प्रयोग केले. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी चेकाळायच्या, पण एकदा सवय झाली की रसाच्या आधीची खूण दिसली की चेकाळायच्या आणि ठरल्याप्रमाणे रस आला तर गप्प. तुमची खूण म्हणजे फोनची रिंग. त्यात भर म्हणजे दर वेळी काय निघेल ते माहीत नाही, दहापैकी सात वेळा धामण नाहीतर दिवड निघते, मग एखाद्या वेळी फणा. हीच गंमत लॉटरीत असते आणि हीच पत्त्यात. ज्या पत्त्याला तुम्ही हात लावत नाही.

तिसरी, आणि ही जरा वाईट गोष्ट आहे. रिचर्ड सॉलोमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात पॅराशूटनं उडी मारणाऱ्यांचं उदाहरण दिलं होतं. नवखा माणूस उडी मारताना घाबरून अर्धा होतो आणि खाली उतरल्यावर नुसता सुन्न असतो. तीच उडी शंभर वेळा मारली की भीती आटते आणि उतरल्यावरची धुंदी मात्र वाढत जाते, तासन्‌तास टिकते. म्हणजे भीती, जी तुमची राखणदार होती, ती पगार न घेता निघून गेली. तुम्ही लिहिलंय "आता भीतीच वाटत नाही ताई", आणि ते अभिमानानं लिहिलंय. मला ते वाचून पोटात गोळा आला.

डॉक्टरांच्या अधिकृत यादीत "थराराचं व्यसन" नावाचा आजार नाही, हे पण सांगून ठेवते, उगाच लेबल नको. पण दारू-तंबाखू असं काही पोटात न जाता व्यसन लागू शकतं हे मात्र मान्य झालंय, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत जुगाराला व्यसनाच्या रांगेत बसवलं. आणि खुणा सगळीकडं सारख्याच असतात: डोस वाढवत न्यावा लागतो, नाही मिळाला तर जीव कासावीस, नुकसान दिसत असून थांबता येत नाही, लपवाछपवी सुरू होते. तुमच्या पत्रात चारही आहेत. आधी स्टिकनं पकडायचात, मग हातानं, आता शेपटी धरून उचलून लोकांकडं वळता, हे तुम्हीच लिहिलंय ना.

आता "मी सोडलं तर लोक सापाईले मारतीन" याबद्दल. हे खोटं नाही. सर्पदंश ही आपल्याकडची लहानसहान गोष्ट नाही, २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सापानं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्या खेड्यातली. त्यामुळे तुमचं काम फालतू आहे असं मी म्हणणार नाही. पण जरा हिशोब मांडा. तुमच्या तालुक्यात तुम्ही एकटेच आहात का? वन विभागाचा १९२६ नंबर आहे, दुसरे सर्पमित्र आहेत, तुमच्याच पत्रात दोघांचा उल्लेख आहे (एकाला तुम्ही "तो नुसता फोटोवाला" म्हटलंय, असो). मागच्या पावसाळ्यात अकरा दिवस तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा तालुका चाललाच ना? हे ऐकायला वाईट वाटेल, पण माझ्याशिवाय चालत नाही असं ज्याला वाटतं त्याला नादच तसं वाटायला लावतो. दारुड्याला पण वाटतं की तो नसला तर मित्रांची बैठक मोडेल.

मी दोन सर्पमित्र पाहिलेत जवळून. एकदा बहिणीच्या सासरी, दारव्ह्याकडं, घरामागच्या सांदवाडीत पऱ्हाटीच्या ढिगात नाग निघाला. फोन केल्यावर एक तरुण पोट्टा आला, गॉगल, टी-शर्टवर फणा छापलेला. दोन मिनिटात पिशवीत जाईल असा साप त्यानं वीस मिनिटं अंगणात खेळवला. तीस-चाळीस माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर, बारकी पोरं पुढं. साप दमला, तो नाही दमला. जाताना पाचशे रुपये नको म्हणाला आणि व्हिडिओ मात्र मागून घेतला.

दुसऱ्या वर्षी त्याच घरी परत साप, या वेळी कुटाराच्या खोलीत. या खेपेला आला तो पन्नाशीचा माणूस, खाकी पँट, पायात गमबूट, हातात हुक, प्लास्टिकचा पाइप आणि काळं कापड शिवलेली पिशवी. आल्या आल्या पोरांना घरात घालायला लावलं, लोकांना मागं सारलं, टॉर्च पुतण्याच्या हातात दिला. पाइपाचं एक तोंड पिशवीत बांधलेलं, दुसरं सापाच्या पुढं. सापाला अंधार दिसला, तो आपणहून पाइपात शिरला. हुकनं थोडं ढकललं, पिशवीला पीळ, गाठ, झालं. चार मिनिटं पण लागली नसतील. हात धुवायला पाणी मागितलं, वन विभागाच्या माणसाला फोन लावून सांगितलं आणि निघाला. शेजारचं एक पोट्टं म्हणालं, "बस, एवढंच?" लोक खरंच नाराज झाले होते, जसं काही तिकीट काढून फसले.

हीच माझ्या मते खरी चाचणी आहे आणि ती मला कुठल्या पुस्तकात नाही, त्या सांदवाडीत सापडली. तुमचं काम कंटाळवाणं करून बघा. नंगा हात नाही, व्हिडिओ नाही, गर्दी नाही, एकट्यानं नाही, पाइप-पिशवी-गाठ, वन विभागाला फोन, लगेच सोडणं, घरी. कोणी "बस, एवढंच?" म्हटलं तरी चालेल असं. हे जर तुम्हाला जमलं आणि तरी बरं वाटलं तर ती सेवा. आणि असं करताना जर वाटलं की यात काय मजा, मग कशाला जायचं, तर बरणी कोणासाठी होती ते कळेल.

पण ही चाचणी आज नाही घ्यायची. आज माझा सल्ला सरळ आहे, आधी पूर्ण थांबा, तीन महिने. एकही साप नाही, धामण पण नाही. ज्याला अर्धा पेग जमत नाही त्याला आधी बाटली बंद करावी लागते तसं. आणि यात शरीराचं पण कारण आहे. दोनदा चावलाय म्हणून आता विष भिनत नाही असं तुमचे मित्र म्हणतात, ते साफ चुकीचं आहे, उलट आहे. वारंवार संपर्कात येणाऱ्या काही सर्पमित्रांना विषाचीच ॲलर्जी होते, मग छोट्या दंशानं पण बीपी पडून जीव जाऊ शकतो. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातून बनते, आणि ज्याला आधी ती बाटल्या-बाटल्यांनी दिली गेलीय त्याला पुढच्या वेळी तिचीच रिॲक्शन यायची शक्यता डॉक्टर लक्षात ठेवतात. त्यात तुमची किडनी एकदा बसून उठलेली. तुमच्या डिस्चार्ज पेपरची झेरॉक्स काढून एक पाकिटात ठेवा आणि किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगितलं असेल तर तो विषय टाळू नका, तुम्ही टाळत असाल असा माझा अंदाज आहे.

आणि बरणीचं एक, साप घरी ठेवणं किंवा खेळ करून दाखवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा होतो. घाबरवत नाही, पण ज्या सेवेसाठी सत्कार झाला त्याच सेवेत केस लागली तर गाव शाल परत मागायला येणार नाही, नुसतं बघत राहील.

तीन महिने कसे काढायचे. फोनवर पहिलं काम करा, फोन करणाऱ्या सगळ्यांना एकच मेसेज, "तब्येतीमुळे बंद आहे, या नंबरवर लावा", त्या दोघांचे नंबर आणि १९२६. कारण खरं आहे, लाज वाटायचं काम नाही. ग्रुप म्यूट नका करू, सोडाच. व्हिडिओ आणि रील डिलीट करा असं मी म्हणणार नाही कारण तुम्ही करणार नाही, एका पेनड्राइव्हवर टाकून बायकोकडं किंवा मोठ्या भावाकडं द्या.

मग ओढ येईल. संध्याकाळी सहा ते नऊ तुमची वाईट वेळ दिसते, दुकान बंद झाल्यावर रिकाम्या घरी यायचं म्हणून. ओढ लाटेसारखी असते, चढते तेव्हा वाटतं ही आता थांबणारच नाही, पण बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, तिच्याशी भांडलं तर जास्त वेळ टिकते. त्या अर्ध्या तासासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा, अगदी बारीकसारीक: गाडीची किल्ली शेजारी देऊन टाकायची, पोरीला फोन लावायचा, ढोरांना पाणी, नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ग्राउंडवर पळतात त्यांच्यात चार फेऱ्या. एक दोनशे पानी वही घ्या, दुकानात जसं उधारीचं खातं लिहिता तसं. कधी ओढ आली, त्याच्या आधी काय चालू होतं, किती वेळ राहिली. एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत त्या वहीत तुम्हाला असं काही दिसेल जे मला इथं बसून दिसत नाही.

लोक सांगतात की थराराच्या बदली दुसरा थरार द्या, चिखलदऱ्याला जा, दोरीवर लटका. मला हे फारसं पटत नाही, एक तर खिशाला परवडत नाही आणि दुसरं म्हणजे देशी सोडून इंग्लिश प्यायला लागण्यासारखं आहे. कबड्डी, व्हॉलीबॉल चालेल, कारण त्यात नियम आहेत, शिट्टी वाजली की थांबावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते चांगलं दुखतं. सापांचंच काही करायचं असेल तर शाळेत जा, पण रिकाम्या हातानं, साप न घेता. पोरांना सांगा की मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि बऱ्याचदा दुखत पण नाही, म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री परसाकडं जाताना टॉर्च घ्या, चावला तर मांत्रिकाकडं न जाता १०८ ला फोन लावा. यात टाळ्या कमी मिळतील. पण तुमचं वाकडं बोट बघून पोरं जेवढं ऐकतील तेवढं माझ्या दहा लेखांनी नाही ऐकणार.

डॉक्टरकडं जायचं का? जा. "वेड्याचा डॉक्टर" वगैरे डोक्यातून काढा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, यवतमाळला मेडिकल कॉलेज आहे, सेवाग्रामला पण आहे. जाणं जमत नसेल तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. थराराची गोळी नसते हे खरं, उपचार मुख्यतः बोलण्याचा, विचारांच्या आणि सवयींच्या साखळ्या शोधून तोडण्याचा असतो, काही महिने लागतात. पण तपासून घ्यायचं कारण वेगळं आहे. काही जणांना लहानपणापासून एका जागी बसवत नाही, लक्ष लागत नाही, त्याला एडीएचडी म्हणतात आणि त्यावर औषधं आहेत. काही जणांना अधूनमधून अशी भरती येते की झोप लागतही नाही आणि पाहिजेही नाही, पैसा उधळतात, वाटेल ते धाडस करतात, तो बायपोलर नावाचा मनाचा आजार असू शकतो. आणि काही जणांच्या थराराखाली दुःख असतं. म्हणून मी सरळ विचारते, लाइट बंद करून गाडी चालवताना कधी मनात येतं का की झालं तर झालं, सुटलो? जर "हो" असेल तर वही नको, तीन महिने नको, आजच १४४१६ लावा आणि कोणाला तरी घरी झोपायला बोलवा.

वहिनींबद्दल. त्यांना तुम्ही साप आणि त्या यातून एक निवडा असं म्हणायचंय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्या एवढंच विचारतायत की साप नसताना तुम्ही घरी असता का. आता परत शपथ घेऊ नका. पोरीच्या डोक्यावरची तर मुळीच नाही, ती मोडली की माणूस सुधारत नाही, लपवायला शिकतो, आणि पोरीच्या जिवाची भीती आयुष्यभर दोघांच्या मानगुटीवर बसते. माहेरी जा, जमलं तर सासऱ्यांच्या समोर नाही, वेगळं बसा, आणि ती बरणीची गोष्ट सांगा. मला लिहिलीत तशीच. मग म्हणा की तीन महिने थांबतोय, मेसेज टाकलाय, वही लिहितोय, डॉक्टरची तारीख घेतलीय. "परत चल" म्हणू नका त्या दिवशी. दर रविवारी वही दाखवा. त्या कधी येतील ते त्या ठरवतील.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण दोन शब्द, कारण अशी पत्रं वेगवेगळ्या कपड्यात येतच असतात. हायवेवर एका चाकावर गाडी उचलणारी पोरं, आणि अलीकडं शेअर बाजारात ऑप्शन खेळणारे, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैसे लावणारे. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, तरी सोयाबीनचा चुकारा आला की लोक परत तिथंच. तुम्हीही तुमचा उद्योग कंटाळवाणा करून बघा. हेल्मेट घालून, पन्नासच्या स्पीडनं, कोणी शूट करत नसताना ती गाडी आवडते का? आणि आयांनो, बायांनो, "मरशील एक दिवस" असं रोज म्हणू नका, मरणाची गोष्ट हेच तर त्यांच्या जेवणातलं तिखट आहे. त्यांचं रील नातेवाइकांना फॉरवर्ड करून खाली "आमचा वाघ" लिहिणंही बंद करा.

भाऊ, महिन्यानं परत लिहा. साप किती आले, कोणी पकडले ते मला नको. शपथेनंतरच्या त्या आठ दिवसांबद्दल लिहा ज्यात फोन आला नव्हता. सकाळी उठून काय केलं, दुकानात कोण कोण आलं, पोरगी फोनवर काय बोलली. पत्रात त्या आठ दिवसांवर एकच ओळ होती.